कव्हरवरची मुलगी

ब्रोशरचं शेवटचं प्रूफ टेबलावर आलं आणि कव्हरवरच्या मुलीला मी ओळखलं. खांद्यावर हंडा, कपाळाला चिकटलेले ओले केस, नजर थेट कॅमेऱ्यात. खाली मोठ्या अक्षरांत 'कुपोषण : आमच्या विद्यापीठाचं संशोधन'.

ही मुलगी कुपोषित नव्हती. तिच्या वस्तीत त्याच आठवड्यात नळ आला होता आणि ती हंडा भरून घरी निघाली होती. फोटो काढला तेव्हा मी फोटोग्राफरच्या शेजारी उभी होते.

विद्यापीठात येण्याआधी मी एका आंतरराष्ट्रीय विकाससंस्थेत संपर्काचं काम करायचे. मार्च 2012 मध्ये युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं, की सुधारित स्रोतांचं, म्हणजे नळ किंवा झाकलेली विहीर अशा ठिकाणचं, पाणी न मिळणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आणायचं संयुक्त राष्ट्रांचं सहस्रक विकास उद्दिष्ट 2015 च्या मुदतीआधी, 2010 मध्येच साधलं. मग डोनरना पाणी पोचल्याचे हसरे फोटो हवे झाले. आम्ही ते आणून दिले.

संमतीपत्र मीच तयार केलं होतं. पानभर इंग्रजी, त्यात 'जगभर, कोणत्याही माध्यमात, कायमस्वरूपी'. दुभाष्यानं त्यातलं एक वाक्य सांगितलं. मुलीच्या आईनं विचारलं, "फोटो कुठं जाणार?" मी म्हटलं, "पाण्याच्या अहवालात." तिनं अंगठा उठवला. युरोपातल्या स्वयंसेवी संस्थांच्या 'कॉन्कॉर्ड' या महासंघाची 2006 ची आचारसंहिता मला तेव्हाही पाठ होती. ज्याचा फोटो, त्याला पूर्ण समज हवी, सहभाग हवा, परवानगी हवी, असं तिच्यात स्पष्ट आहे. समज देण्याइतका वेळ काढणं माझ्या हातात होतं.

डिझायनरला विचारलं, फोटो कुठून आला? "व्हॉट्सॲपवर कोणीतरी पाठवला." इथंच आमच्या धंद्याचं दुखणं आहे. फोटोच्या फाइलमध्येच आम्ही नाव, तारीख, कॅप्शन, वापराची अट असं सगळं भरून ठेवतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ते सगळं पुसलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकतं. हे मी प्रत्येक विभागाला लिहून कळवलंय, कुणी पाळत नाही. फोटो पोचतो तो बेवारस, आणि मग ज्याला जे वाटेल ते तो त्याच्या खाली लिहितो.

विभागप्रमुख म्हणाले, "तिला कोण ओळखणार आहे?" चांगले संशोधक आहेत. आकडेवारीत एक दशांश चुकला तर रात्रभर बसतील. चेहऱ्याच्या बाबतीत ती काळजी त्यांना का वाटत नाही, हे मला अजून कळलेलं नाही. ती आता मोठी झाली असेल. ती स्वतःला ओळखेल, एवढंच मी त्यांना सांगितलं.

छपाई थांबवली. कव्हरवर प्रयोगशाळेतला वजनकाटा आला. सगळे म्हणाले, आधीचं कव्हर जास्त बोलकं होतं.

त्या रात्री जुन्या संस्थेला लिहिलं, की हा फोटो तुमच्या संग्रहातून काढा, संमती नीट घेतली नव्हती, घेणारी मीच होते. आठवड्यानं उत्तर आलं : 'संमती वैध आहे. सोबत प्रत जोडली आहे.' प्रत उघडली. जांभळ्या शाईतला अंगठा, थोडा फरफटलेला. त्याच्या खाली साक्षीदार म्हणून माझी सही.