उशाशी असलेली गोळ्यांची पिशवी

कॅन्सर वॉर्डात औषधांचा घोळ म्हटलं की लोकांना वाटतं केमोचाच डोस चुकला असणार. तसंही होतं कधीकधी, पण मी फार्मासिस्ट म्हणून राउंडला जाते तेव्हा जास्त सापडतो तो साध्या गोळ्यांचा घोळ. पेशंटच्या उशाशी एक कॅरीबॅग असते, त्यात बीपीची, शुगरची, गुडघ्याची, ॲसिडिटीची, आणि एक स्ट्रिप अशी कापलेली की नाव अर्धं गायब, एक्सपायरी तर नाहीच. नाव वेगळं म्हणून तीच ॲसिडिटीची गोळी वॉर्डातून एक आणि पिशवीतून एक अशी चालू असते.

आता मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाचं बघा. हाय डोस दिला की ते किडनीवाटे वेळेत बाहेर पडायला हवं, त्यासाठी भरपूर सलाइन आणि लघवी आम्लधर्मी होऊ नये म्हणून बायकार्ब, शिवाय निरोगी पेशी वाचवायला ल्युकोव्होरिन, रक्तातली लेव्हल परत परत तपासायची, एवढा सगळा खटाटोप चालू असतो आणि मुलगा काळजीपोटी बाबांना पिशवीतली गुडघेदुखीची आयब्युप्रोफेन देऊन मोकळा होतो! ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलचंही तेच, दोन्हींमुळे मेथोट्रेक्सेट अंगात रेंगाळू शकतं, मग तोंड आतून सोलवटतं, रक्तातल्या पेशी घसरतात.

दुखण्यावरच्या मॉर्फिनची गंमत वेगळीच. गोळी लिहिली जाते, सोबत पोट साफ व्हायचं औषध लिहायचं राहतं, त्यात उलटीसाठी ऑन्डानसेट्रॉन, तेही बद्धकोष्ठ करणारंच. मग पोट साफ होत नाही म्हणून आजी गुपचूप मॉर्फिन उशीखाली ठेवतात, फाइलवर "दुखणं कमी नाही" अशी नोंद होते आणि डोस वाढतो.

"घरची औषधं कुठली चालू आहेत?" विचारलं तर उत्तर येतं, काही नाही. "काढा, चूर्ण, रस?" "हां, ते काय औषध थोडीच, गुळवेल घेतो रोज." मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेणाऱ्यांमधल्या लिव्हरच्या त्रासाच्या केसेस छापल्या होत्या. इथे तर केमोमुळे लिव्हरवर आधीच ताण.

फार्म डी, म्हणजे फार्मासिस्टला वॉर्डातल्या कामासाठी तयार करणारा कोर्स, आपल्याकडे 2008 पासून आहे, तरी बऱ्याच ठिकाणी फार्मासिस्ट म्हणजे काउंटरवर बिल करणारा माणूस. वॉर्डात कुणी तुमची पिशवी तपासेलच असं नाही. त्यामुळे ॲडमिट होतानाच ती अख्खी पिशवी, काढ्याच्या बाटलीसकट, सिस्टरसमोर पालथी करा. पेशी खाली असताना ताप वाटला तर परस्पर क्रोसिन नको, ताप दबतो आणि इन्फेक्शन कळायला उशीर होतो, आधी सांगा. आणि डिस्चार्ज कार्डवर "कंटिन्यू सेम" दिसलं तर सेम म्हणजे नक्की कुठल्या गोळ्या ते तिथेच उभं राहून लिहून घ्या.