सारंगखेड्याची यात्रा: तीन रात्री, पाच जण आणि रात्री दोनची भूक

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्यात लोक घोडे बघायला येतात. आम्ही पाच मित्र अमळनेरहून जातो ते तमाशासाठी. तापीकाठची ती थंडी, तंबूत घुमणारी ढोलकी आणि पहाटेपर्यंत रंगणारा वग (तमाशातलं कथानाट्य), यासाठी आम्ही वर्षभर थांबतो. मागच्या यात्रेत मात्र माणशी अकराशे रुपये नुसत्या खाण्यापिण्यात गेले. शेवटच्या रात्री दुसऱ्या फडाचं (तमाशा मंडळीचं) तिकीट काढायला खिशात काही उरलं नव्हतं. बाहेर उभं राहून कनातीपलीकडची गवळण ऐकली. ती रुखरुख मनातून जाईना, म्हणून यंदा खाण्याचा हिशोब आधी मांडला आणि मग तिकिटांचा.

पैसे नेमके कुठे गेले ते आठवून लिहून काढलं, तर दिवसाचं जेवण स्वस्तच पडलं होतं. पाकीट रिकामं झालं ते रात्री एक ते चारच्या मध्ये. गण, गवळण, बतावणी होऊन वगाला रंग चढतो तोवर मध्यरात्र उलटलेली असते. खेळ सुटला की अंगात थंडी भरते, पोटात कावळे ओरडतात आणि समोर गरम भजी, चहा, पुन्हा चहा. त्या वेळी भाव कोणी विचारत नाही. म्हणून जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की रात्री दोनच्या भुकेची सोय घरून करून न्या. बाकीचं तिथे निभतं.

त्या भुकेवर दशमीसारखं दुसरं काही नाही. ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, पोळी वातड होते. दशमीचं पीठ दुधात भिजवलेलं असतं, पाण्याचा थेंब नाही, आणि दोन्ही बाजूंनी तेल सोडून भाजलेली असते. ती थंडीत तीन दिवस मऊ राहते. पण ती बांधायची कशी हे मागच्या खेपेला चुकलं होतं. निघायची घाई, तव्यावरची दशमी तशीच प्लास्टिकच्या पिशवीत गेली. आतून वाफेचे थेंब धरले आणि दुसऱ्या संध्याकाळी पिशवी उघडली तर आंबूस वास. पंचवीस दशम्या गाईला घालाव्या लागल्या. आईला सांगताना फार वाईट वाटलं, कारण ती त्यांच्यासाठी पहाटे चारला उठली होती. यंदा तिने प्रत्येक दशमी सुती धोतरावर वेगळी पसरली, उलटून गार केली आणि त्याच कोरड्या कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात भरली. शेवटची दशमी तिसऱ्या रात्री खाल्ली, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. तशीच मऊ होती.

प्रवास सोपा आहे. भुसावळ-सुरत मार्गावर दोंडाईचा स्टेशनला उतरायचं आणि तिथून शहाद्याकडे जाणारी एसटी धरायची. रेल्वेत गॅसची टाकी किंवा रॉकेल नेता येत नाही, तेव्हा स्टोव्हचा विचार सोडा. चूल मांडायची ठरवूनच सामान घ्या: एक पातेलं, एक कढई, तवा, सांडशी. भाजी, कांदे, केळी दोंडाईच्याच्या बाजारातूनच उचला, यात्रेत पोचल्यावर नको. मिरची तर तिथलीच घ्या, त्या दिवसांत लाल मिरचीचा ठसका बाजारात सगळीकडे असतो.

आम्ही एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या मोकळ्या वावरात दोन तंबू ठोकले. शेजारी घोड्यांच्या व्यापाऱ्याचा डेरा होता. चुलीसाठी विटा मांडायला लागलो तर त्यातले एक बाबा लगबगीने आले: "भाऊ, आठे जाय करू नका, कडबा शे." म्हणजे इथे जाळ करू नका, कडबा आहे. खरंच, आमच्यापासून दहा पावलांवर कडब्याची गंजी आणि तिला लागून घोडे बांधलेले. वाऱ्याने एक ठिणगी गेली असती तर काय झालं असतं, या विचाराने अंगावर काटा आला. चूल वाऱ्याची दिशा बघून बांधाच्या पलीकडे नेली आणि शेजारी पाण्याची बादली ठेवली. तुम्हीही जागा बघताना आधी कडबा कुठे आहे ते बघा. पुढे त्या बाबांशी छान ओळख झाली, आमची केळी तिकडे आणि त्यांचा चहा इकडे.

तीन दिवसांत चूल आम्ही रोज एकदाच पेटवली, दुपारी चारच्या सुमारास. पहिल्या दिवशी भरीत. हिरवी मोठी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजली. गॅसवरच्या वांग्याला ती धुरकट चव येतच नाही. साल काढून मिरची, लसूण, भाजलेले शेंगदाणे घालून ताटातच वाटीच्या बुडाने ठेचलं, वरून तेलाची फोडणी आणि कांद्याची पात. दोन किलो वांगी पाच जणांना पुरून उरली. दुसऱ्या दिवशी शेवभाजी. कांदा-खोबरं भाजून वाटलेला मसाला घरून कोरडा आणला होता, त्यामुळे वीस मिनिटांत रस्सा तयार. शेव मात्र ताटात वाढताना घाला, पातेल्यात घातली तर तिचा लगदा होतो. तिसऱ्या दिवशी तुरीच्या डाळीची खिचडी आणि निखाऱ्यावर भाजलेल्या बिबड्या (ज्वारीचे पापड). डाळ-तांदूळ शेवटी ठेवायचं कारण उघड आहे, ते नासत नाहीत.

पिठामिठाचं मात्र जपा. तापीकाठी दहिवर इतकं पडतं की सकाळी तंबूचं कापड पिळून घ्यावं. कागदात ठेवलेलं मीठ ओलं झालं आणि काडेपेटी तर एकाच रात्रीत गेली. झाकणाचा डबा नाहीतर लायटर, दोन्हीतलं एक हवंच.

पाण्यासाठी वीस लिटरचा जार घ्या. आम्हाला चाळीस रुपयांना मिळाला आणि साडेतीन दिवसांत पाच जार लागले, पिणं, स्वयंपाक, भांडी सगळं धरून. तेवढं पाणी बाटल्यांनी घेतलं असतं तर दोन हजारांत गेलं असतं. थंडीत तहान लागत नाही म्हणून पोरं पाणी पीत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात. सकाळी उठल्यावर एक तांब्या पाणी, मगच चहा, असा नियम आम्ही केला होता.

दारूचंही स्पष्ट सांगतो. थंडीवर उपाय म्हणून कोणी आग्रह केला तरी नको. तिने अंग गरम झाल्यासारखं वाटतं, पण शरीरातली ऊब उलट लवकर बाहेर जाते, आणि उघड्यावर झोपणाऱ्याला ते महागात पडू शकतं. शिवाय कलावंत रात्रभर घशाची ताणाताण करून गातात, त्यांच्यासमोर शुद्धीत बसावं असं मला मनापासून वाटतं. आम्ही थर्मासमध्ये आल्याचा चहा भरून नेत होतो. खेळ सुटल्यावर तंबूत परतलो की चहा, दशमी, दोन केळी, आणि पांघरुणात.

हिशोब असा: घरचा शिधा ७६०, दोंडाईच्याची भाजी-केळी ३२०, पाणी २००, दूध-चहा-साखर २८०, आणि यात्रेतली जिलेबी-भजी ५००. ते पाचशे मुद्दाम राखून ठेवा. यात्रेला जाऊन कढईतली गरम जिलेबी खायची नाही, इतकी काटकसर करू नये. एकूण २,०६० रुपये, माणशी ४१२. वाचलेल्या पैशांत दोन्ही फड बघितले, आणि दुसऱ्या रात्रीचा वग आवडला म्हणून तिसऱ्या रात्री त्याच फडाला पुन्हा गेलो.

निघायच्या दिवशी जार सकाळी लवकर परत करा. आमच्याकडून प्रत्येक जारमागे अनामत घेतली होती, आणि दुकानदार साडेआठला गाडी घेऊन पाणी वाटायला निघून जातो. आम्ही आठला पोचलो, पैसे घेतले आणि तसेच स्टॅंडवर गेलो.