भिकबाळीचा कान

गणपतीच्या दिवसांत कान-नाक-घशाच्या ओपीडीत कोण येणार हे आम्हाला आधीच माहीत असतं. ढोलाने कानात दडे बसलेले, घोषणा देऊन घसा बसलेले, गुलालाने शिंका थांबत नाहीत असे. त्या दिवशीही तशीच रांग होती. तेवढ्यात ढोल-ताशा पथकातली पोरं आपल्यातल्याच एकाला घेऊन थेट आत घुसली. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, डोक्याला रुमाल, मान एका बाजूला कलती. मागोमाग त्याची आई.

रुमाल सोडला आणि मी आमच्या डॉक्टर मॅडमना हाक मारली. उजव्या कानाचा वरचा भाग लालबुंद, सुजून पुढे आलेला. कानाच्या घड्या पार बुजलेल्या. त्या सुजेत एक पिवळी खुंटी अर्धी रुतून बसली होती. खालची पाळी मात्र जशीच्या तशी, मऊ आणि नेहमीच्या रंगाची.

"पाळी बघितलीस?" मॅडमनी शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला विचारलं. पाळीत कूर्चा, म्हणजे कानाला आकार देणारा लवचिक सांगाडा, नसते. नुसत्या कातडीचं इन्फेक्शन असतं तर तीही सुजली असती. ती सोडून बाकीचा कान पेटलाय म्हणजे कूर्चेच्या आवरणाखाली पू झालाय. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण या आवरणातूनच होतं. ओल आलेल्या भिंतीवरून रंगाचा पापुद्रा सुटावा तसं पुवामुळे आवरण कूर्चेपासून सुटतं आणि खालची कूर्चा उपाशी मरते. मग कान चुरगळल्यासारखा होतो तो कायमचा.

विसर्जन मिरवणुकीत कानाच्या वरच्या कडेला भिकबाळी घालायची म्हणून पोराने तीनेक आठवड्यांपूर्वी एका दुकानात गनने कान टोचून घेतला होता. मी ड्रेसिंगची तयारी करता करता विचारलं, "काळजी काय घेतलीस?"

"सिस्टर, दिवसातून पाच-सहा वेळा साफ करत होतो!" त्याने यादीच ऐकवली. सकाळी हायड्रोजन पेरॉक्साइड, दुपारी स्पिरिट, संध्याकाळी नदीपात्रातल्या सरावाहून आलं की आईने दिलेली हळद आणि खोबरेल तेल, रात्री ट्यूबमधलं मलम. दुकानदाराने सांगितलं म्हणून प्रत्येक वेळी खुंटी गोल फिरवायची, म्हणे नाहीतर ती चिकटते. मध्ये एकदा भिकबाळी कशी दिसते ते बघायला खुंटी काढून ती घातली, दुखायला लागल्यावर पुन्हा खुंटी. आणि वरून तासन्तास कानावर आवळलेला फेटा.

एवढी निगा मी ऑपरेशनच्या टाक्यांचीही कुणाला घेताना पाहिलेली नाही, आणि त्या निगेनेच घोळ केला होता. पेरॉक्साइड आणि स्पिरिट जंतूंबरोबर नव्याने येणारी कातडीही जाळतात. तेल-हळदीचा थर भोकाच्या तोंडावर बसला की आतली लस, म्हणजे जखमेतून झिरपणारं पातळ पाणी, बाहेर यायला वाट राहत नाही. खुंटी फिरवली की आत धरलेला पापुद्रा दर वेळी फाटतो आणि बाहेरची खपली आत ओढली जाते. गनचं तर विचारूच नका. पोकळ सुई नीट भोक पाडते, गन बोथट खुंटी जोराने दामटते, त्यात कूर्चा चिरडते. बहुतेक गन प्लास्टिकच्या, त्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, घालता येत नाहीत.

आईला हे पटेना. "अहो सिस्टर, बाराव्या दिवशी सोनाराने याचे कान टोचले. तेव्हाही हळद-तेलच लावलं होतं. काही झालं नाही."

"ताई, ते पाळीला टोचलं होतं. पाळीत रक्त भरपूर, सहा-आठ आठवड्यांत भरून येते. ही वरची कड. हिला सहा महिने ते वर्ष लागतं."

"आणि माझ्या आजीच्या बुगड्या?"

बुगड्या घातलेल्या आजींचे कान मीही पाहिलेत. काहींचे सुरेख होते, काहींची वरची कड मुडपलेली होती. ते कशाने, हे तेव्हा कुणी विचारत नसे.

"पण दुकानात स्प्रे मारूनच टोचलं," पोरगा म्हणाला. त्यावर मॅडमनी अमेरिकेतल्या ओरेगनची गोष्ट सांगितली. तिथे २००० साली एकाच स्टॉलवर वरचा कान टोचून घेतलेल्या बऱ्याच जणांना असंच इन्फेक्शन झालं. शोध घेतला तर जंतू निघाले जंतुनाशकाच्या स्प्रेच्या बाटलीतच.

मायनर ओटीत, म्हणजे छोट्या ऑपरेशनच्या खोलीत, कान बधिर करून खुंटी काढली, चीर दिली. हिरवट पू आला आणि त्याबरोबर एक गोडसर, द्राक्षं आंबल्यासारखा वास. जळीत वॉर्डात काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला तो वास डोळे मिटूनही ओळखता येईल. स्युडोमोनास नावाचा जंतू. दोन दिवसांनी कल्चरचा, म्हणजे पुवातले जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा, रिपोर्टही तोच आला. मेडिकलवाल्याने दिलेल्या अमॉक्सिसिलीनच्या गोळ्या पोरगा चार दिवस खात होता, पण या जंतूवर त्या चालतच नाहीत. मॅडमनी पोकळी सलाईनने धुतली, मेलेला कूर्चेचा तुकडा काढला, कानाच्या पुढे-मागे गॉजच्या वळकट्या ठेवून आरपार टाके घातले, म्हणजे आवरण पुन्हा कूर्चेला चिकटून बसेल. मग अ‍ॅडमिट, शिरेतून अँटिबायोटिक, पुढे सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या. विसर्जनाला ढोल नाही, फेटा तर नाहीच.

बाहेर त्याच्या पथकातली एक मुलगी माझी वाट बघत थांबली होती. नथीसाठी तिने नुकतंच नाक टोचलं होतं आणि आता तिची बोबडी वळली होती. चमकीभोवती पांढरट-पिवळसर पातळ काहीतरी वाळलं होतं. "पू आहे का, सिस्टर?" नव्हता. ती लस, पहिले काही आठवडे येतेच. पू दाट असतो, आणि त्याच्याबरोबर ठणका असतो, लाली पसरत जाते, कधी ताप येतो. तसं झालं तर सरळ डॉक्टर गाठायचा, घरी चमकी उपटून काढायची नाही. भोक वरून मिटलं की पू आत कोंडतो.

मी तिला नॉर्मल सलाईनच्या दहा मिलीच्या प्लास्टिकच्या अँप्यूल लिहून दिल्या, मेडिकलमध्ये स्वस्त मिळतात. मोठी बाटली उघडून महिनाभर वापरली की तिच्यातच जंतू वाढतात, आणि घरी केलेल्या पाण्यात मीठ हमखास जास्त पडतं. दिवसातून दोनदा, आधी साबणाने हात धुवून, सलाईनने भिजवलेला गॉज दोन मिनिटं धरायचा. खपली आपोआप सुटेल तेवढीच पुसायची, नखाने उकरायची नाही. कापूस नको, त्याचे तंतू चमकीला गुंडाळतात. मग कोरडं करायचं आणि विसरून जायचं.

"फिरवायची नाही?"

"हातच लावायचा नाही. आणि मिरवणुकीत गुलालापासून लांब."

"मग नथ?"

"यंदा दाबाची घाल."

पोराचे टाके निघाले तेव्हा कान वाचला होता. वरच्या कडेला बोटाच्या पेराएवढी खाच राहिली, केस वाढवले की झाकेल. त्याने आरशात वळून वळून पाहिलं आणि मॅडमना विचारलं, "पुढच्या वर्षी डावा टोचला तर?"

मॅडमनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. आईनेच परस्पर सांगून टाकलं, "प्रेसची भिकबाळी मिळते. मी विचारून आलेय." पोरगा पुटपुटला की ती नाचताना पडते. "पडू दे," आई म्हणाली आणि माझ्याकडून पुढच्या ड्रेसिंगची तारीख लिहून घेतली.