आश्रयार्थीसाठी जामीनदार होताना

लंडनमधील एका परिचिताने मला एका तरुणासाठी जामीनदार राहण्याची विनंती केली. पाकिस्तानी पंजाबमधील अहमदिया पंथाच्या (या पंथाला पाकिस्तानचा कायदा मुस्लिम मानत नाही) या तरुणाच्या आश्रय-अर्जाचा निर्णय व्हायचा होता आणि त्याच्यावर कोणताही गुन्हा नसताना तो स्थानबद्धता केंद्रात होता. अशा स्थानबद्धतेला ब्रिटिश कायद्यात सरसकट कमाल मुदत नाही. मात्र १९८३ च्या हरदियाल सिंग खटल्याने घालून दिलेली मर्यादा आजही लागू आहे: देशाबाहेर पाठवण्यासाठी एखाद्याला वाजवी काळच डांबता येते, आणि तेवढ्या काळात पाठवणे शक्य नाही असे दिसू लागले तर त्याला सोडावे लागते. हे हरदियाल सिंग भारतीय नागरिक होते.

भेटीच्या वेळी झडती झाली आणि माझा मोबाइल लॉकरमध्ये गेला. त्याचाही स्मार्टफोन काढून घेऊन त्याला कॅमेरा नसलेला साधा फोन दिला होता. गावी घरावर झालेल्या हल्ल्याची छायाचित्रे आणि पोलिसांतील तक्रारीची प्रत जुन्या फोनमध्येच असल्याने वकिलाला दाखवायला त्याच्या हाती काहीच नव्हते. ती कागदपत्रे शेवटी त्याच्या बहिणीने लाहोरहून पाठवली. आत साफसफाईच्या कामाला तासाला १ पौंड मिळे. आमचे बोलणे हिंदी-उर्दूत होई. ‘भाईसाहब, तारीख कब मिलेगी?’ हा त्याचा ठरलेला प्रश्न.

केंद्रात सरकारी खर्चाने वकिलाचा अर्ध्या तासाचा सल्ला मिळतो. पाठीवरच्या वळांचा इतिहास सांगायलाही तो वेळ अपुरा होता. छळ झाल्याची शंका आल्यास केंद्रातील डॉक्टरने स्थानबद्धता केंद्रांच्या नियमावलीतील ‘नियम ३५’ खाली अहवाल दिला पाहिजे, आणि तो मागण्याचा आग्रह वकिलानेच धरला.

जामीन-अर्जात माझ्याबद्दलही प्रश्न होते, त्यामुळे पगारपत्रके, बँकेचे तपशील आणि घराच्या पत्त्याचा पुरावा मी जोडला. इंग्लंडमध्ये जामिनाची रक्कम आधी भरावी लागत नाही. अटी मोडल्या तरच ती वसूल होते. सुनावणीच्या आदल्या दिवशी गृहखात्याची विरोधाची कैफियत वकिलाच्या हाती पडली. तो तरुण पडद्यावर दिसत होता आणि शेजारी दुभाषी होता. न्यायाधीशांनी मला विचारले, ‘हा पळून गेला तर तुम्हाला कसे कळेल?’ तो माझ्याच घरी राहणार असल्याने उत्तर सोपे होते. ज्याला बाहेर ना पत्ता ना ओळख, त्याच्या वतीने या प्रश्नाचे उत्तर कोण देणार, असे मात्र मला तेव्हा वाटले, कारण जामीन फेटाळला गेला की परिस्थितीत ठोस बदल झाल्याखेरीज २८ दिवस पुन्हा अर्ज करून उपयोग होत नाही.

जामीन मंजूर झाला. माझ्या पत्त्यावरच राहायचे, ठरल्या दिवशी हजेरी द्यायची आणि नोकरी करायची नाही, अशा अटी आहेत. आश्रय-अर्जाचा निर्णय अजून व्हायचा आहे, आणि तोवर माझी हमी कायम आहे.