तुम्ही विचारलंत म्हणून : त्या ठरावाखाली माझी सही का आहे

लग्नात, बसस्टँडवर, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मला एकच प्रश्न विचारला जातो : "मॅडम, तुम्ही तर शाळा समितीवर होतात, मग सरांना अतिरिक्त कसे होऊ दिले?" सर म्हणजे आमचे विज्ञानाचे शिक्षक आणि अतिरिक्त म्हणजे मंजूर पदांपेक्षा जास्त ठरलेला शिक्षक. वरच्या पाड्यावरच्या एका आजीने तर सरळच विचारले, "मॅडम, तुम्हीबी सही करी दिनी?" आजवर मी या प्रश्नाला बगल देत आले. आता एकदाचे लिहून टाकते.

समितीवर शिक्षकाची जागा म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार खाजगी शाळेच्या समितीत संस्थेचे चार प्रतिनिधी असतात, मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतात आणि सेवाज्येष्ठतेच्या क्रमाने आळीपाळीने एक कायम शिक्षक असतो. चारांपुढे एक. आमचे पगार शासनाकडून थेट खात्यात येतात, शिक्षकांची पदे संचमान्यतेत, म्हणजे विद्यार्थिसंख्येवरून होणाऱ्या शासनाच्या पदमंजुरीत, ठरतात आणि 2017 पासून भरतीही शासनाच्या पवित्र या ऑनलाइन पोर्टलमार्फत होते. समितीच्या हाती उरते ते अंदाजपत्रक, वेतनेतर अनुदानाचा खर्च आणि वर पाठवायचे ठराव. हे थोडे आहे, पण काहीच नाही असे म्हणून मला सुटता येणार नाही.

2022-23 ची संचमान्यता आधार वैध झालेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर होणार होती. आमची शाळा चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. निम्मी मुले पावरा आदिवासींच्या पाड्यांवरून येतात. त्यांपैकी चौदा मुलांचे आधार जुळत नव्हते. कुणाची जन्मतारीख रजिस्टरात 1 जून, तर आधारवर 1 जानेवारी. कुणाचे आडनावच वेगळे. एका मुलीच्या बोटांचे ठसे यंत्र घेईचना, कारण ती नुकतीच कापूस वेचून आली होती आणि बोंडांच्या काट्यांनी तिची बोटे सोलली होती. ही चौदाही मुले रोज वर्गात बसत, खिचडी खात, माझ्याकडे गृहपाठाच्या वह्या देत. संचमान्यतेत मात्र ती नव्हती, आणि तेवढ्याने सहावी ते आठवीचे एक पद गेले. सेवाज्येष्ठता यादीत शेवटचे नाव विज्ञानाच्या सरांचे होते. दुसरे एक सहकारी त्यांच्यासोबत एकाच दिवशी रुजू झाले होते, पण वयाने आठ महिन्यांनी मोठे होते. त्यामुळे नियमाने ते ज्येष्ठ ठरले. त्यात कुणाची लबाडी नव्हती, हेही मला सांगितले पाहिजे.

सर आणि मी ओळीने तीन रविवार पाड्यांवर फिरलो. पालकांचे अंगठे, हजेरीपत्रकाच्या प्रती, वर्गातले फोटो असे सगळे एका निळ्या फाइलीत लावले. ही मुले प्रत्यक्ष शिकत आहेत, सबब संचमान्यता दुरुस्त करावी, असा समितीचा ठराव अतिरिक्त शिक्षकांच्या यादीसोबत जावा, एवढेच आम्हाला हवे होते.

त्या दिवशी विषयपत्रिकेवर चार विषय होते. अर्धा तास प्रवेशद्वाराच्या कमानीवर गेला. प्रयोगशाळेत दोनच सूक्ष्मदर्शक चालू आहेत, हे मी सांगितले. ते पुढच्या वर्षी पाहू, असे ठरले. मग सरांचा विषय आला. फाइल माझ्या मांडीवर होती. "ते नंतर बघू, आधी यादी जाऊ द्या," असे अध्यक्ष म्हणाले आणि इतिवृत्ताची वही माझ्याकडे सरकली. ठराव आधीच लिहिलेला होता. त्यात अनुमोदक म्हणून माझे नाव होते. मी ते वाचले, वर पाहिले, कुणीही माझ्याकडे पाहत नव्हते. मी सही केली. फाइल उघडलीसुद्धा नाही.

का? माझा निवडश्रेणीचा, म्हणजे दीर्घ सेवेनंतर मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणीचा, प्रस्ताव तेव्हा संस्थेच्या कार्यालयात पडून होता. मला कुणी धमकावले नाही. तशी गरजच पडली नाही. मी मनाशी म्हटले की यादी शासनाच्या नियमाने जाते, माझ्या असहमतीने एकही पद परत येणार नाही. आजही हे मला कायद्याने खरे वाटते. पण शिक्षक संघटनेच्या सभेत "समितीत आपला एक आवाज आहे, तो वापरा" असे वर्षानुवर्षे तावातावाने सांगणारी बाई मीच होते. ती मला विचारते की असहमतीची एक ओळ लिहायला किती शाई लागली असती? तिला मी उत्तर देते की सरांऐवजी त्या दुसऱ्या सहकाऱ्यांवर पाळी आली असती तर? ती म्हणते की तो प्रश्नच नव्हता, प्रश्न चौदा मुलांचा होता. इथे माझे बोलणे खुंटते.

सरांचे समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळेतली नेमणूक, दुसऱ्या तालुक्यात झाले. ते मला कधी काही बोलले नाहीत. निघताना प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली मात्र त्यांनी माझ्याच हातात दिली. महिन्याभराने मी ती निळी फाइल स्वतः जळगावला नेऊन शिक्षण विभागात दिली. ती परत आली. वर शेरा होता : "शाळा समितीच्या ठरावासह सादर करावे." समितीचा ठराव एकच होता, आणि त्याखाली माझी सही होती.