तीन मिस्ड कॉल

फोन सायलेंटवर नव्हता. हे आधी लिहून टाकते, कारण काल शेजारच्या बिन्नीच्या आईला मी तो सायलेंटवर होता असं सांगितलं.

फोन फ्रिजवर होता, चांगला खणखणीत वाजत होता, आणि मी बिन्नीची दुसरी वेणी घालत होते. पहिल्यांदा वाटलं, एवढी वेणी होऊ दे. दुसऱ्यांदा मान वर करून नाव पाहिलं. तिसऱ्यांदा बिन्नीच म्हणाली, "मावशी, फोन." मी म्हटलं, "वाजू दे."

चाळीस मिनिटांनी तिची आई दारात. घामानं थबथबलेली, पायात दोन वेगळ्या चपला. "ताई, मेडिकल चौकापर्यंत पाहून आली मी. काहून नाही उचलला फोन?" पोरगी शाळेतून परस्पर माझ्याकडे आली, हे तिला ठाऊकच नव्हतं. मी सायलेंटचं सांगितलं. तिनं लगेच मानलंही. ते जास्त लागलं.

परवा रात्रीच आम्ही 'गॉन बेबी गॉन' हा सिनेमा पाहिला. बेन ॲफ्लेकचा, २००७चा. बॉस्टनमधली चिमुकली अमँडा घरातून नाहीशी होते. आई हेलीन नशेत बुडालेली. शेवटी तिला शोधणाऱ्या खासगी गुप्तहेराला, पॅट्रिकला, पोर सापडते ती निवृत्त पोलीस कॅप्टन डॉइलच्या घरी, मजेत खेळताना. नवरा-बायको दोघंही तिला जीव लावून आहेत. तरी पॅट्रिक पोलिसांना बोलावतो, आणि त्याची मैत्रीण अँजी त्याला सोडून जाते. मी सोफ्यावरून ठणकावून म्हटलं होतं, "राहू द्यायचं ना पोरीला तिथंच!" हे काही बोलले नाहीत. नुसतं माझ्याकडे पाहिलं.

डॉइलची स्वतःची मुलगी गेलेली असते. आज सिनेमा पुन्हा लावला तेव्हा तेवढा भाग मी पुढे ढकलला.

संध्याकाळी पाचनंतर या घरात नळ ठिबकतो तोही ऐकू येतो. त्यात तास-दोन तास एक पोर माझ्यापाशी बसली तर कुणाचं काय बिघडलं? पहाटेपर्यंत मी हेच घोळवत होते. तिची आई उशिरा येते, खेकसते, वेण्याही धड घालत नाही, एक वर आणि एक खाली. पण ती हेलीन नाही. ती दोन वेगळ्या चपला घालून चौकापर्यंत धावली होती. हेलीन मी तिला केलं, कारण मला डॉइल व्हायचं होतं.

हा सिनेमा आला त्याच वर्षी ब्रिटनमधली एक लहान मुलगी पोर्तुगालला सुट्टीत असताना हरवली. म्हणून तिकडे त्याचं प्रदर्शन २००८पर्यंत थांबवलं होतं. एक आई खरोखर वाट पाहत असताना तो तिथं लावायचा कसा? आणि मी वाजत्या फोनसमोर वेणी घालत बसले. आपल्याकडे हरवलेलं मूल सापडलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवायचं असतं, २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं. कितीही जीव लागला तरी ठेवून घ्यायचं नसतं. हे मीच मागे सोसायटीच्या बायकांना समजावून सांगितलं होतं.

सकाळी बिन्नीची आई जिन्यात भेटली. "ताई, काल वांगं देल्लं होतं का तिले? रातभर खाजवून राहिली होती. अंगभर गांध्या." मी भरीत केलं होतं, भाकरीशी. बिन्नीनं दोनदा मागून घेतलं होतं, आणि मला केवढं बरं वाटलं होतं.

सिनेमाच्या शेवटी अमँडा बाहुली घेऊन बसलेली असते. पॅट्रिक विचारतो, ही मिराबेल का? आईनं तेच नाव सांगितलेलं असतं. पोर म्हणते, ॲनाबेल. परवा त्या जागी मला हेलीनचा संताप आला होता. आज जिन्यात उभी राहून मी नुसती मान हलवली.

संध्याकाळी बिन्नी आली. दप्तर ठेवायच्या आत मी फोन लावला, "आली आहे हो." पलीकडून "हो ताई," एवढंच. सायलेंटचं खरं अजून सांगायचं आहे. फोनवर नको, समोरच सांगीन.

बिन्नी कंगवा घेऊन पुढ्यात बसली. आईनं घातलेल्या वेण्या, एक वर, एक खाली, रिबीन मात्र घट्ट. मी त्या सोडल्या नाहीत.