मावशींचा स्पीकर बोललाच नाही

आज सकाळी मंडईत गेले तर पाकीट घरीच राहिलेलं, हातात नुसता फोन. नेहमीच्या मावशींकडून मेथीची जुडी, पावशेर गवार, आलं, कोथिंबीर घेतलं, ८५ रुपये झाले, स्कॅन केलं, पिन टाकला आणि ते चक्र फिरतच राहिलं. बँकेचा सर्व्हर डाऊन! खात्यातून पैसे कटल्याचा मेसेज आला पण मावशींचा स्पीकर काही बोलेना.

मावशींना वाचता येत नाही, त्यामुळे तो मराठीत बोलणारा डबा हाच त्यांचा हिशोब. खोटा स्क्रीनशॉट दाखवून भाजी नेणारे पण भेटलेत त्यांना, म्हणून स्क्रीन दाखवायला मलाच नको वाटलं. मागं गिऱ्हाईकं खोळंबलेली. मी पिशवी परत ठेवायला लागले तर म्हणाल्या, "ने गं बाई, उद्या दे, तू काय आजची हैस का." खरंच डोळ्यात पाणी आलं.

दुपारी पैसे परत खात्यात आले. मग बसून यूपीआय लाइट चालू केलं, त्यात आधी पैसे भरून ठेवायचे, १००० पर्यंतच्या पेमेंटला पिन लागत नाही आणि दरवेळी बँकेच्या सर्व्हरकडे जावं लागत नाही, त्यामुळे अडकायचं प्रमाण कमी. शिल्लक ५००० पर्यंतच ठेवता येते, भाजीला बास झालं. आणि कव्हरमागं शंभरची नोट सरकवलीये, ती आता तिथंच राहणार.

संध्याकाळी परत गेले. स्पीकर खणखणीत बोलला, पंच्याऐंशी रुपये मिळाले. मावशींनी मान डोलावली आणि कढीपत्त्याच्या दोन काड्या पिशवीत टाकल्या.